फंक-सोलच्या पहिल्या मैफलीला जाताना

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कामासाठी किंवा लेकीकडे जाणार असाल, तर एक रात्र फंक आणि सोल या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांसाठी राखून ठेवा. सोलचं माहेर म्हणून मेम्फिस आणि डेट्रॉइटचं नाव घेतात, आणि ते खरंच आहे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी न्यू ऑर्लिन्सच सुचवेन. गुलामगिरीच्या काळात इथल्या काँगो स्क्वेअरवर आफ्रिकी लोक रविवारी जमायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. आजही रस्त्यातून ब्रास बँडची, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याची, मिरवणूक निघाली की मागून येणारे लोक नाचतच चालतात. त्या मागच्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात. या गावात वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात फार अंतर नसतं. तुम्ही तिथे अर्धे साथीदार म्हणून जाताय, एवढं मनाशी धरलंत की बाकीचं सोपं आहे.

१. आठवडाभर आधी कान तयार करा

रोज वीस मिनिटं पुरतात. सुरुवात ‘द मीटर्स’पासून करा. हा याच गावचा चौघांचा बँड. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेन्टेली, बेसवर, म्हणजे खर्जातल्या गिटारवर, जॉर्ज पोर्टर ज्युनिअर आणि ड्रम्सवर झिगाबू मॉडेलिस्ट. त्यांचं १९६९ सालचं ‘सिसी स्ट्रट’ लावा. त्यात शब्दच नाहीत, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जात नाही. पहिल्यांदा फक्त बेस ऐका, दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स. तिसऱ्यांदा प्रत्येक वाद्य कुठे गप्प बसतं ते बघा. चांगला तबलजी एखादी मात्रा मोकळी सोडतो आणि आपली मान तिथे आपोआप हलते, तशा जागा या संगीतात ठिकठिकाणी आहेत.

मग सोलकडे वळा. अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, अल ग्रीन या गायकांना ऐका. सोलचा उगम चर्चमधल्या गाण्यात आहे. अरेथाचे वडील डेट्रॉइटमध्ये पाद्री होते. अल ग्रीन तर प्रसिद्धीच्या शिखरावरून १९७६ मध्ये मेम्फिसला स्वतःच पाद्री झाले. म्हणूनच सोलचा गायक ओळ टाकतो आणि लोक ती उचलतात. कीर्तनात बुवांनी अभंगाचं धृपद सोडलं की मागचे टाळकरी ते उचलतात, तेच नातं इथे आहे.

२. जागा आणि तिकीट

अपटाउन भागात, नेपोलियन ॲव्हेन्यूवर ‘टिपिटिनाज’ ही मैफलींची जागा आहे. प्रोफेसर लाँगहेअर या थोर पियानोवादकाला उतारवयात वाजवायला हक्काची जागा असावी म्हणून त्याच्या चाहत्यांनी १९७७ मध्ये ती सुरू केली. तो १९८० मध्ये गेला. आत शिरल्याबरोबर त्याचा अर्धपुतळा दिसतो. चाहत्यांनी कलावंतासाठी उभारलेली ही वास्तू मला फार मोलाची वाटते, म्हणून जमलं तर पहिली रात्र इथेच घालवा.

ओक स्ट्रीटवरचा ‘मॅपल लीफ बार’ लहान आणि दाटीवाटीचा. रिबर्थ ब्रास बँड हा १९८३ मध्ये सुरू झालेला बँड तिथे वर्षानुवर्षं मंगळवारी वाजवत आला. ब्रास बँडमध्ये बेस गिटार नसते. वादकाच्या अंगाभोवती वेटोळं घालून बसलेला सूझाफोन हा मोठा पितळी कर्णा तिची जागा घेतो. जायच्या आधी त्या आठवड्याचा कार्यक्रम बघून घ्या. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला जॅझ फेस्ट हा संगीत महोत्सव असतो. तेव्हा चांगले बँड एकाच वेळी गावात असतात, पण गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही चढलेले असतात. नवख्याने साधा आठवडा निवडावा.

तिकिटावर बहुधा दोन वेळा छापलेल्या असतात. ‘डोअर्स’ म्हणजे दार उघडण्याची, ‘शो’ म्हणजे वादन सुरू होण्याची. आधी दुसराच एखादा बँड वाजवतो. त्यालाही मनापासून ऐका. वयाची अट १८ आहे की २१, तेही तिकिटावरच बघा. पासपोर्ट मूळ न्या, मोबाइलमधला फोटो दारावर चालेलच असं नाही.

३. पायात काय, कानात काय

कपड्यांची चिंता नको. घाम येईल, म्हणून सुती घाला. तीन तास उभं राहून नाचता येईल असे जुने, पायात बसलेले बूट हवेत. पर्स किंवा पिशवी लहान न्या. सुट्टे डॉलर जवळ ठेवा, कारण बारवर प्रत्येक पेयामागे एक-दोन डॉलर टिप देण्याची तिथली रीत आहे.

इअरप्लग मात्र विसरू नका. आवाजाचा हिशोब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास कानाला सोसतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीतला ब्रास बँड तिथवर सहज पोहोचतो. वादकांसाठी मिळतात ते इअरप्लग घेतले, तर सूर न बिघडता आवाज तेवढा कमी होतो. लहान मुलांना नेणार असाल तर त्यांच्यासाठी कान झाकणारे हेडफोन घ्या.

४. उभं कुठे राहायचं

आवाजाचा तोल सर्वांत चांगला मिळतो तो ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ, कारण तो माणूस तिथे ऐकू येईल तसंच सगळं जुळवत असतो. मंचासमोरची जागा नाचणाऱ्यांची. तिथे हाताची घडी घालून उभं राहिलं तर मागच्याची अडचण होते. पहिल्या दिवशी थोडं बाजूला, ड्रम्सवादकाचे हात दिसतील असं उभं राहा. पुढची पायरी त्यावर अवलंबून आहे.

५. सम धरा, पण टाळी तिथे देऊ नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. फंकमध्ये चार मात्रांचं आवर्तन असतं आणि पहिल्या मात्रेवर सगळा बँड एकदम येऊन पडतो. फंकचा थोर गायक जेम्स ब्राउन तिला ‘द वन’ म्हणायचा. तिच्यावरचा जोर त्याने आपल्या वादकांकडून घटवून घेतला. चुकलेल्या सुराबद्दल तो वादकाला दंडही करायचा. आपल्या कानाला ही मात्रा ओळखीची आहे, ती आपली समच. मधे कितीही आडवळणं घेतली तरी सगळे तिथे भेटतात.

अडचण हातांची होते. तीनतालात आपण १, ५ आणि १३ व्या मात्रेवर टाळी देतो, म्हणजे समेवर टाळी ही आपल्या हातांची सवय. इथे बहुतेक गाण्यांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, जिथे स्नेअर ड्रमचा, म्हणजे ड्रम्समधल्या छोट्या ताशासारख्या ड्रमचा, कडक आवाज येतो. पहिल्या मैफलीत मी निष्ठेने समेवर टाळ्या देत होतो. शेजारच्या एका वयस्क बाईंनी माझ्याकडे बघितलं, आपले हात मला दिसतील असे उंच धरले आणि माझी टाळी त्यांच्या टाळीशी जुळेपर्यंत मान हलवत राहिल्या. जुळली तेव्हा पायाखालची जमीनच वेगळी लागली. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही, पण त्यांना मी गुरू मानतो.

सराव घरीच करता येतो. खुर्चीवर बसा. एक आणि तीनला पाय आपटा, दोन आणि चारला टाळी द्या. तोंडाने मोजा: एक, *दोन*, तीन, *चार*. पाच मिनिटांत शरीर ते धरतं. मैफलीत गोंधळ झालाच तर टाळी थांबवा, ड्रम्सवादकाचा डावा हात बघा आणि स्नेअरवर काठी पडेल तेव्हा परत सुरू करा. वादक डावखुरा असेल तर अर्थात उजवा. टाळीचा वेगही आपला आपण वाढवू नका. गर्दी पळायला लागली की ड्रम्सवादकाला ओढून धरावं लागतं.

६. हाकेला ओ द्या

गायक ओळ टाकून माइक तुमच्याकडे वळवेल. सूर चांगला आहे की नाही याचा विचार करत बसायला वेळ नसतो. जे ऐकलं तेच मोठ्याने परत द्या. एकल वादन चालू असताना दाद देणंही चालतं. आपण जिथे ‘क्या बात है’ म्हणू, तिथे इथले लोक ‘येस!’ किंवा ‘ऑल राइट!’ म्हणतात. तुमच्या तोंडून ‘वाह!’ गेलं तरी वादकाला ते पोहोचतं. कुणासोबत नाचायचं असेल तर आधी नजरेने विचारा, आणि नकार आला तर तिथेच थांबा.

संथ सोल गाणं सुरू झालं की मात्र सगळं बदलतं. टाळ्या थांबवा, फोन खिशात ठेवा, शेजाऱ्याशी बोलू नका. त्या गायकाचा आवाज कुजबुजीपर्यंत उतरतो, आणि बारमधल्या गप्पांनी तो क्षण मेलेला मी पाहिलाय.

७. शेवटी

संगीत नाटकात एखाद्या पदाला ‘वन्स मोअर’ मधेच मिळतो. इथे तो अगदी शेवटी असतो. बँड आत जातो, लोक ओरडत राहतात आणि बरेचदा वादक परत येऊन एक-दोन गाणी वाजवतात. दिवे पूर्ण लागेपर्यंत निघू नका. आवडलं असेल तर दाराजवळच्या टेबलावरून त्यांची तबकडी किंवा टी-शर्ट घ्या. छोट्या बँडला त्या पैशांचा खरा आधार असतो. टिपिटिनाजपासून सेंट चार्ल्सची स्ट्रीटकार जवळपास मैलभर लांब आहे, म्हणून रात्री उशिरा चालत निघू नका. टॅक्सी दारापाशीच बोलवा आणि ती येईपर्यंत आत थांबा.