संशोधन अनुदान घेताना लहान गावच्या कॉलेजांनी या चुका टाळा

कॉलेजांना आणि विद्यापीठांना संशोधनाच्या सोयी उभारायला पैसे देणारी केंद्राची 'फिस्ट' योजना 2000 सालापासून आहे. 2022 मध्ये संशोधन अनुदानाची 'शुअर' योजना आली, तीही राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या प्राध्यापकांना समोर ठेवून. म्हणजे दार उघडं आहे. अडतं ते बहुतेक वेळा विज्ञानावर नाही, कारभारावर.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे आधी यंत्र ठरवायचं आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधायचा. शेजारच्या कॉलेजात एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं यंत्र) आला, म्हणून आपल्यालाही हवा! प्रस्ताव तपासणाऱ्या समीक्षकाला हे पहिल्या पानावरच कळतं. यंत्र मागण्याआधी 'आय-स्टेम' पोर्टल उघडा, कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे ते तिथे दिसतं. तेच यंत्र जवळच्या संस्थेत शुल्क भरून वापरता येत असेल, तर प्रस्तावात नमुना-तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च मागा. तो पटवून देणं सोपं जातं.

यंत्र लागणारच असेल, तर कॅटलॉगच्या आधी खोली बघा. विजेचा मंजूर भार किती, थ्री-फेज आहे का, एसी आणि यूपीएस कुणाच्या खर्चाने? आणि अर्थिंग. कंपनीचा इंजिनिअर बसवायला आला की मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजतो. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की बऱ्याचदा खोका न उघडताच परत जातो. इकडे वॉरंटी मात्र चालू झालेली असते, कारण ती माल निघाल्यापासून मोजायची की यंत्र बसवल्यापासून, हे पर्चेस ऑर्डरमध्ये कुणी लिहिलेलंच नसतं. ते लिहून घ्या. वॉरंटीनंतरच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे संस्था देईल, असं प्राचार्यांकडून लेखी घ्या. तोंडी होकार प्राचार्य बदलले की संपतो.

यंत्र चालवणारा माणूस कोण, हेही आधी ठरवा. प्रकल्पावरचा मुलगा नेट-सेट झाला की जाणारच, त्याला दोष देऊ नका. दोघांना शिकवून ठेवा.

पैशांचं थोडक्यात: एका हेडचे (खर्चाच्या मंजूर शीर्षकाचे) पैसे परवानगीशिवाय दुसऱ्यात वळवू नका. अनुदानावरचं व्याज कॉलेजचं नसतं, ते सरकारजमा करावं लागतं. आणि युसी (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र), म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांचा, जीएफआरचा, 12-अ नमुना, रखडली की पुढचा हप्ताही रखडतो. सीएची वेळ एप्रिलमध्येच घ्या. जुलैत तो रिटर्न्समध्ये बुडालेला असतो.