भाडेकरार: एजन्सीच्या बिलातला जीएसटी आणि 'सरकारी फी' कशी उतरवली

पुण्यात फ्लॅट ठरला. भाडं २५,०००, अनामत एक लाख. चावी मिळायच्या आदल्या दिवशी एजन्सीचं बिल आलं: महिन्याभराचं कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि 'करार व सरकारी फी' ७,५००. फोनवर उत्तर, "सगळीकडे हेच रेट आहेत साहेब." मालकांनी हात वर केले. डोकं फिरलं.

लागू पडलं ते असं. आधी बिलावर जीएसटी क्रमांक मागितला. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही. (क्रमांक दिलाच, तर जीएसटी पोर्टलवर तो चालू आहे का ते बघा.) मग हिशेब मांडला: ११ महिन्यांचं भाडं २,७५,०००, अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं धरलेलं व्याज ९,१६७. बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ८०० च्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर थोडं दस्त हाताळणी शुल्क. हा हिशेब व्हॉट्सॲपवर लेखी पाठवला आणि लिहिलं, "सरकारी चलनाची प्रत दाखवा, तेवढे लगेच देतो." पैसे मात्र तोवर अडवून ठेवले; एकदा दिले की परत निघत नाहीत.

संध्याकाळी नवं बिल आलं. जीएसटी गायब, करार ३,०००. त्यात घरी येऊन अंगठे-फोटो घेणाऱ्याची मजुरी होती, ती रास्तच.