चर्चच्या क्वायरमास्तरांना निरोप देताना या चुका टाळा

आजवर चार निरोप समारंभांत मी क्वायरमध्ये आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभी राहिले, त्यातल्या दोन वेळा तयारीतही होते. माणसं दर वेळी नवी, चुका मात्र त्याच. वर्षानुवर्षं एक रविवार न चुकवलेल्या माणसाला आपण दोन तासांत दमवून घरी पाठवतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सत्कारमूर्तीलाच पेटीवर बसवणं. असं कोणी ठरवून करत नाही. दुसरं कोण वाजवणार, हे कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आमच्याकडे एका तरुणाने "कीबोर्ड मी बघतो" म्हणून सांगितलं. सरावाचं काय? "ओळखीचीच गीतं आहेत ना, मावशी." मी गप्प बसले, ती माझी चूक. त्या रविवारी सर, म्हणजे निरोप घेणारे क्वायरमास्तर, शाल पांघरून पहिल्या बाकावर बसलेले. कीबोर्डचं ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण, आदल्या रात्रीच्या लग्नाच्या ऑर्डरमध्ये चार पट्ट्या वर गेलं होतं, ते तसंच राहिलं. पहिलं कडवं सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायका, कशाबशा चढल्या. दुसऱ्यात पुरुषांनी गाणं सोडलं. तिसऱ्यात त्याचा हात रिदमच्या बटणाला लागला आणि भजनाखाली वरातीचा ठेका सुरू झाला. सर उठले, कोपऱ्यातल्या पायपेटीचं, म्हणजे पायाने भाता मारायच्या पेटीचं, झाकण उघडलं आणि चौथ्या कडव्याला सगळ्यांना मूळ पट्टीत आणून सोडलं. टाळ्या, डोळ्यांत पाणी. "सर अजून तसेच!" असं तिघांनी मला येऊन सांगितलं. मी मात्र त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. भाता मारून मारून तोच गुडघा गेला होता आणि त्याच्यामुळेच तर ते क्वायर सोडत होते.

तेव्हापासून मी आधी वाजवणारा ठरवते, मग तारीख. आपल्यात कोणी नसेल तर शेजारच्या मंडळीतून बोलावते. आमच्याबरोबर तीन पूर्ण सराव करायला तयार नसेल, तर तो कितीही मोठा वादक असो, नको. उपासनेच्या आधी ट्रान्सपोज शून्यावर आहे ना, हे मी स्वतः बघते. पायपेटीच वापरायची असेल तर आठवडाभर आधी उघडून एकेक सूर वाजवून पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. वापरायची नसेल तर कुलूप लावा. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

पत्रिकेत नुसता गीताचा क्रमांक छापू नका. ओळींचं माप, म्हणजे अक्षरांची लांबी, सारखं असलं की एकच गीत अनेक चालींवर बसतं. पाहुणे त्यांच्या मंडळीची चाल उचलतात, आपण आपली, आणि पहिली ओळ दोन गावांची होते. चालीचं नाव लिहा, नाहीतर वाजवणाऱ्याला एक ओळ आधी वाजवू द्या.

हँडेलचा हालेलुया हे अवघड समूहगीत तीन सरावांत बसत नाही. मध्येच सोप्रानोंना लांब सूर धरून पायरी पायरीने वर जायचं असतं, तिथे घाई उघडी पडते. आणि मोबाइलवर ट्रॅक लावून त्यावर गाणं म्हणजे आयुष्यभर चार आवाज बसवणाऱ्या माणसाच्या तोंडावर मारणं आहे. साधंच गीत घ्या, पण बास, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज, ऐकू आला पाहिजे.

आता माझं दुसरं दुखणं. सगळे ट्रॉफीच्या मागे धावतात आणि सरांच्या चाली तशाच जातात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या पदांचे शब्द 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत. पण आमच्या मंडळीत त्यातलं एखादं पद ज्या वळणाने म्हणतात, झांज जिथे थांबते, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते सरांच्या डोक्यात आहे आणि एका फाटक्या चालवहीत सा-रे-ग-मच्या खुणांनी आहे. एका सरांची वही आम्ही "नंतर झेरॉक्स करू" म्हणत राहिलो. त्यांचं बिऱ्हाड मुलाकडे हललं आणि वही रद्दीत गेली. दोन पदं आता आम्ही अंदाजाने म्हणतो आणि अंदाजही प्रत्येकाचा वेगळा. म्हणून समारंभाच्या तीन महिने आधीपासून दर शनिवारी तासभर सरांसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. घाई करू नका, मध्ये चहा होऊ द्या. चाल आठवायला गप्पा लागतात. वहीची बांधीव प्रत त्यांना द्या, एक चर्चच्या कपाटात ठेवा. नवा कीबोर्ड भेट देणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

बाकी थोडक्यात. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि दुःखसहनाचा आठवडा (ईस्टरच्या आधीचा) टाळा, तेव्हा क्वायरला श्वास नसतो. भाषणं तीनच, आणि पाळकसाहेबांनाही वेळ सांगा. श्रीफळ द्यायचं का, हे घरच्यांना आधी विचारा. नव्या क्वायरमास्तरची घोषणा त्याच दिवशी करू नका, बिचाऱ्याची तिथल्या तिथे तुलना सुरू होते. सरांच्या बाईंना नुसतं "सौ." म्हणून उरकू नका, शनिवारी रात्री सरावाहून येणाऱ्या माणसासाठी जेवण झाकून कोण ठेवत होतं?

आणि गाडी ठरवा. एकदा सगळे फोटोत गुंतले होते आणि सर व बाई तीन गुच्छ, एक फ्रेम आणि शाल सांभाळत गेटवर रिक्षाला हात करत उभे होते.