ट्रेलरच्या व्हेंट पाइपला नुसतं सिलिकॉन मारून सोडताय? या चुका टाळा

गेल्या जुलैत गगनबावड्याहून परत आलो, तर आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या सिंकखालचं प्लायवूड टम्म फुगलेलं. सिंकच गळत असणार म्हणून दोन दिवस त्याचेच जोड खोलत बसलो. पाणी येत होतं छपरावरून, व्हेंट पाइपच्या, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीतला गॅस छपराबाहेर सोडणाऱ्या पाइपच्या अंगावरून ओघळत. उद्यमनगरात बॉडी बांधून घेताना मिस्त्री म्हणालेले, "सिलिकॉन मारलंय की साहेब, काय होत न्हाई." मीही मान डोलावली होती.

ट्रेलरचं छप्पर उन्हानं ताणतं, खड्ड्यांत हलतं. साधं सिलिकॉन मग कडेनं सुटतं, आणि वाईट म्हणजे त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. म्हणून जुनं सगळं खरवडून काढायचं, पत्रा स्पिरिटनं पुसायचा, पाइपवरच्या टोपीच्या बैठकीखाली ब्युटाइल टेप (चिकट, रबरासारखी पट्टी) दाबायची, स्क्रू आवळायचे आणि बैठकीच्या कडेला व स्क्रूच्या डोक्यांवर छपराच्या मटेरियलला चालणारं सीलंट भरायचं. पाइप छपराच्या वर दोनेक इंच हवा. तो छप्पर आणि आतलं सीलिंग यांच्या मधेच संपला, तर टाकीतला वास तिथे कोंडतो आणि तिथून आत झिरपतो.

पण वासाची जास्त भानगड खालच्या टोकाला असते, आणि तिकडे कुणी बघतच नाही. टाकीच्या माथ्यावर रबरी ग्रोमेटमधून (भोकात बसवलेल्या कड्यातून) पाइप जेमतेम इंचभर आत जायला हवा. "घट्ट बसू दे" म्हणून खोल ढकलला, तर टाकी अर्धी भरताच त्याचं तोंड पाण्यात बुडतं. व्हेंट बंद! मग फ्लश केला की हवा उलटी कमोडमधून वर येते. एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर विचारायलाच नको. सिंकमध्ये गुडगुड आवाज येतो तो ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपात वास अडवून धरणारं पाणी ओढलं जात असल्याचा. नीट बसवलेला पाइपही घाटातल्या धक्क्यांनी खाली सरकतो. म्हणून घालण्याआधी इंचावर मार्करनं खूण करायची आणि वर भिंतीला क्लॅम्प मारायचा.

छपराला भोक नको म्हणून काही जण टाकीला एकतर्फी एअर व्हॉल्व्ह लावतात. तो हवा फक्त आत घेतो, गॅस बाहेर सोडत नाही. सिंकपुरता ठीक, टाकीला उपयोग नाही.

ट्रेलर महिनाभर उभा असेल तर आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. बऱ्याचदा ट्रॅप सुकल्यामुळेच वास येतो.

आतलं सीलिंग लावण्याआधी छपरावर पंधरा मिनिटं पाण्याची नळी धरा, आत एकानं टॉर्च घेऊन बसायचं. आम्ही सिंकखाली आता स्क्रूचं झाकण ठेवलंय. घाट उतरला की ते उघडून मार्करची खूण जागेवर आहे का बघतो; मागच्या खेपेला अर्धा इंच खाली गेली होती.