बायपोलरच्या गोळ्या चालू आहेत? मग या चुका टाळा

चुलतभावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी पार खाली तर कधी अति वर नेणारा आजार. त्याचा पहिला झटका शिमग्यात आला, असं आम्ही म्हणतो. खरं तर त्याआधी दोन पावसाळे तो महिना-महिना अंथरूण सोडत नव्हता. तेव्हा घरात 'आळशी झालाय' एवढंच बोललं गेलं. शिमग्याला मात्र चार रात्री जागून हा ताजातवाना. बोलणं थांबेना, आणि एका सकाळी हापूसच्या दोन बागा कराराने घेतो म्हणून घरातले होते नव्हते ते पैसे इसार देऊन आला. कुणी म्हणालं, देव संचारला. काकी नारळ घेऊन गुरवाकडे गेली.

गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण झोपेकडे बघा. निद्रानाशाचा माणूस सकाळी मलूल असतो. मेनियातला, म्हणजे मूड अति चढलेला, माणूस दोन तास झोपून ढोल गळ्यात अडकवायला तयार असतो, त्याला झोपेची गरजच वाटत नाही. त्याच्या जोडीला अखंड बडबड, चिडचिड, उधळपट्टी आणि अचाट बेत आठवडाभर टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आमच्याकडे त्या नावाची चेष्टाच जास्त होते, आणि तिच्यापायी आमचे सहा महिने गेले. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर फोन करा.

डॉक्टरांना फक्त उदासीचं सांगणं ही पुढची चूक. चढलेले दिवस रोग्याला आजार वाटतच नाहीत, म्हणून ते घरच्यांनी सांगायचे. नुसती नैराश्यावरची गोळी सुरू झाली तर काहींचा मूड उसळून थेट मेनियात जातो.

आता लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही ते आघाडीचं औषध आहे. पण ते एक क्षार आहे, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. मे महिन्यात बागेत घामाने निथळलात, जुलाब झाले, किंवा बीपीसाठी म्हणून एकदम मीठ तोडलंत, की शरीर सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही रक्तात साठतं. मीठ-पाणी रोज साधारण सारखं ठेवा. भावाच्या रक्तातलं लिथियम वाढलं ते लावणीच्या दिवसांत. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून आठवडाभर खाल्ली. डायक्लोफेनॅकनेही हेच होऊ शकतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही. दुकानदाराला 'लिथियम चालू आहे' हे आधी सांगा. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, झोकांड्या जाणं यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्ततपासणीतही गंमत होते. नमुना शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचा असतो. भाऊ सकाळची गोळी घेऊन एसटीने तालुक्याला गेला, आकडा फुगून आला आणि घरभर घबराट. गोळी खिशात न्यायची, रक्त देऊन झालं की घ्यायची. प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर बघतात. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सहा महिन्यांनी.

व्हॅल्प्रोएट हे बायपोलरवरचं दुसरं औषध चालू असलेल्या बाईने मूल हवं असल्यास, किंवा दिवस जाण्याची शक्यता असली तरी, आधी डॉक्टरांशी बोलावं. गर्भाला त्याचा धोका मोठा. लॅमोट्रिजिन या आणखी एका औषधावर अंगावर पुरळ आलं तर वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं. भावाची औषधं देवघराशेजारी स्टीलच्या डब्यात असतात. गणपतीत चाकरमानी आले, 'अरे, तू तर ठणठणीत!' म्हणाले. विसर्जनानंतर काकीने डबा उघडला तर पाकिटं जशीच्या तशी. वरून भजनाची जागरणं, तीही मेनियाला पुरेशी. आता तो आरतीला थांबतो, भजनाला नाही. दहाला झोपायला जातो, आणि त्याआधी काकी डबा वाजवून दाखवते.