भाड्याच्या घरात पिसवा झाल्यात असं वाटतंय? आधी पांढरे मोजे घाला

जूनमध्ये म्हापशाजवळ एका जुन्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला, कौलारू, पुढे ऐसपैस बाल्कांव (म्हणजे बसायला ओटे असलेला व्हरांडा), मागे माड, भाडं पण झेपणारं. घर एप्रिलपासून बंद होतं. चावी घेऊन आत गेले, बॅगा टाकल्या, पंखा लावला आणि दहा मिनिटांत घोट्याला खाज. म्हटलं डास असणार, पावसाळ्यात गोव्यात डास नाहीत तर काय. तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांवर गुडघ्याखाली लाल पुटकुळ्या, काही तर तीन-तीन एका ओळीत. कोंकणीत वेड्याला पिसो म्हणतात, रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन फरशीवर ओणवी बसले होते तेव्हा तो शब्द पिसूवरूनच आला असणार असं मला वाटायला लागलं.

तर पहिलं काम म्हणजे खात्री करणं, कारण पिसू, ढेकूण आणि डास तिघांचा इलाज वेगळा आहे आणि चुकीच्या किड्यावर पैसे घालवणारे लोक मी पाहिलेत (मी पण, मॅट आणि लिक्विडवर तीनशे रुपये). पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तांबूस काळी, दोन्ही बाजूंनी चपटी, पंख नाहीत, बोट लावायला गेलात की टुणकन गायब. ढेकूण तिच्यापेक्षा मोठा, वरून चपटा, उडी मारत नाही आणि तो गादीच्या शिवणीत सापडतो. चावे बहुतेक घोट्याजवळ असतील तर पिसू, रात्री झोपेत दंडावर, मानेवर येत असतील तर ढेकूण असा साधारण अंदाज, पण नुसत्या चाव्यावरून ठरवू नका. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांत पाय घासत हळूहळू फिरा, पिसवा असतील तर मोज्यावर काळे ठिपके चढताना दिसतात. दुसरं, रात्री जमिनीवर पसरट ताटलीत पाणी आणि थोडं भांड्याचं लिक्विड घालून वर टेबल लॅम्प लावून ठेवा, उजेड आणि उबेकडे उड्या मारून त्या पाण्यात पडतात आणि साबणामुळे बुडतात. ह्याने घर साफ होत नाही हां, फक्त कुठल्या खोलीत जास्त आहेत ते कळतं. माझ्याकडे पहिल्या रात्री हॉलमध्ये अकरा, बेडरूममध्ये एक.

आणि कोपऱ्यात मिरीपूड सांडल्यासारखं काही दिसलं तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घ्या, लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच.

आता बंद घरात एकदम एवढ्या आल्या कुठून? हे समजून घेतलंत की पुढचं सगळं सोपं आहे. मादी रोज चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते, ती कुत्र्यामांजराच्या अंगावर चिकटून राहत नाहीत, जनावर जिथे झोपतं तिथे घरंगळतात. त्यातून अळ्या, अळ्यांना ओल लागते आणि उजेड नको असतो, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा, फरशीच्या फटी आणि काथ्याचं पायपुसणं हे त्यांचं फाइव्ह स्टार. मग त्या कोश करतात आणि कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी महिने, गप्प बसून राहू शकते. माणूस आत आला, पावलांचा हादरा, अंगाची उब, श्वास, की जेवणाची घंटा झाल्यासारख्या बाहेर. आधीच्या भाडेकरूकडे दोन मांजरं होती हे मला नंतर कळलं. तुम्ही मात्र घर बघायला जाल तेव्हाच विचारा.

घरमालकाला लगेच सांगा, पण तोंडी नको. पिसू सेलोटेपवर चिकटवून पांढऱ्या कागदावर लावा, फोटो काढा, राहायला आलात ती तारीख घालून व्हॉट्सॲप करा. "घर घाण आहे" अशी सुरुवात केलीत तर भांडणच होणार. मी आंटीला, म्हणजे माझ्या घरमालकिणीला, लिहिलं की घर बंद असताना कोश राहिलेत, दोघींनी मिळून बघूया. पहिलं उत्तर "आमच्या टायगराक कांयच ना गो", म्हणजे आमच्या टायगरला काहीच नाही गं. टायगर म्हणजे तिचा कुत्रा, जो रोज दुपारी माझ्या बाल्कांवात ताणून देतो. उवांची फणी त्याच्या शेपटीच्या मुळाशी फिरवून साबणाच्या पाण्यात झटकली, चार निघाल्या, मग आंटी गप्प. पेस्ट कंट्रोलचे पैसे कोण देणार ते ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय त्यावर आहे, काहीच नसेल तर नवीन आलेल्याने निम्मे तरी मागावेत असं माझं मत. बिल जपून ठेवा, डिपॉझिट परत घेताना कामाला येतं.

मग सफाई, औषधाच्या आधी. व्हॅक्यूम क्लीनर कोणाकडून तरी उसना आणा, झाडूने अंडी नुसती इकडची तिकडे होतात. फरशीच्या कडा, सोफ्याखाली, कपाटामागे, लाकडी फळ्यांच्या फटी, सगळं सावकाश ओढून घ्या, हादऱ्याने कोशातल्या पण बाहेर येतात आणि ते आपल्याला हवंच आहे. पिशवी लगेच प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून घराबाहेर, आत ठेवलीत तर त्या परत चालत येतील. चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी साठ डिग्रीला धुवा, मशीन नसेल तर भाणातलं (पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्यातलं) कडकडीत पाणी बालदीत घेऊन भिजवा. पावसात काही वाळत नाही हे मान्य, मी लॉन्ड्रीत ड्रायरला दिले, त्या गरमीनेही मरतात. जुनं काथ्याचं पायपुसणं मात्र फेकूनच द्या, शंभर रुपयांसाठी जीव अडकवू नका.

औषधाला माणूस बोलवाल तेव्हा एकच प्रश्न विचारा, मोठ्या पिसवांना मारणाऱ्या औषधाबरोबर अळ्यांची वाढ थांबवणारं औषध, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन, घालणार का. तो झुरळांची जेल दाखवायला लागला तर दुसरा बघा. दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी आधीच ठरवून घ्या. फवारणी वाळेपर्यंत मुलं, जनावरं बाहेर, आणि फिश टँक असेल तर झाकून पंप बंद करा नाहीतर तो बाहेरच हलवा, ह्यातली बरीच औषधं माशांना विष असतात. नंतर दोन आठवडे कडांना ओलं पोछा मारू नका, रोज फरशी पुसायची सवय असलेल्यांना हे जड जातं पण औषधच पुसून टाकलंत तर उपयोग काय. व्हॅक्यूम मात्र चालू ठेवा.

त्याच दिवशी जनावरांचा इलाज, नाहीतर सगळं पाण्यात. व्हेटला वजन सांगून मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी घ्या. कुत्र्याचं औषध मांजराला कधीच नाही, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर मरू शकतं. फिनाइलने पुसलेल्या फरशीवरही मांजराला फिरू देऊ नका. रॉकेल शिंपडणं, डांबरगोळ्या पसरणं असले सल्ले मलाही मिळाले, एक तर त्याने कोशाला काही होत नाही आणि घरात आग किंवा विषबाधा वेगळीच. लिंबाच्या पाल्याने वास छान आला, बाकी काही झालं नाही.

माळ्यावर उंदीर असतील तर क्रम लक्षात ठेवा, आधी पिसवा मग उंदीर, किंवा दोन्ही एकदम. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गरम अंग शोधत खाली येतात, प्लेग असाच पसरायचा.

चाव्यांवर बर्फ, कॅलामाइन, नखं कापलेली. ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना पिसवा चावल्याचं आवर्जून सांगा.

फवारणीनंतर आठव्या दिवशी मोज्यावर परत दोन दिसल्या आणि मी त्या माणसाला रागाने फोन लावणार होते. तसं करू नका, औषध कोशाच्या आत पोचत नाही, आतल्या बाहेर येऊन मग मरतात, दोन-तीन आठवडे, कधी जास्तही, एखाददुसरी दिसतेच. ताटलीतला आकडा दर दोन दिवसांनी लिहून ठेवा, उतरत असेल तर ठीक चाललंय. माझ्याकडे अकरा, मग सात, मग मध्येच नऊ, मग तीन आणि पाचव्या आठवड्यात शून्य. टायगर अजून बाल्कांवातच झोपतो, फक्त आता त्याच्याखालची गोणपाट दर रविवारी मी उकळत्या पाण्यात घालते आणि महिन्याचं औषध आंटी आणते.