घरचं माणूस गेलेल्या दोन मुलांची गट्टी कशी जमू द्यावी

कोणती मुलं, ते वर्गशिक्षकाला सांगावं लागत नाही. खिचडीचं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात, तीच. वय आणि इयत्ता जुळवत बसू नका. माझ्या शाळेतली सगळ्यात घट्ट जोडी होती पहिलीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. त्याचे वडील गेलेले. ती आई गेल्यावर मामाकडे राहायला आलेली.

दोघांना एक काम द्या. परसबागेत मेथी पेरायला लावा, तीन-चार दिवसांत उगवते. बादली एकच द्या, भरलेली एकट्याला उचलणार नाही एवढी मोठी.

ओळख करून देऊ नका. मी दिली होती. दोघांना शिक्षकांच्या खोलीत खुर्च्यांवर बसवून म्हणालो, "तुम्हा दोघांचं दुःख सारखंच आहे, मैत्री करा." पोरगा पंधरा दिवस मला बघून वाट बदलायचा. 'बिचारी' हा शिक्का मुलांना लगेच कळतो.

खरी कसोटी पुढे आहे. आठवडाभर फक्त पाण्याबद्दल बोलणं होईल, होऊ द्या. मग एक दिवस लहानगा विचारेल, "तुझी आई कधी येणार?" पाच-सहा वर्षांच्या मुलाला गेलेलं माणूस परत येत नाही हे नीटसं उमगलेलं नसतं. तुमचा जीव कासावीस होईल. मधे पडू नका! 'देवाघरी गेली', 'झोपली' असलं काही तर बोलूच नका. मग ही मुलं झोपायला घाबरतात. आमच्या सातवीतल्या त्या मुलीनं तांब्या खाली ठेवला, म्हणाली, "नाही येणार. मेली ती. तुझे बाबा पण नाही येणार." तो थोडा वेळ वाफ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इकडे पाणी कमी पडलंय."

मी हजेरीपटात डोकं घालून बसलो होतो. तेवढंच करायचं असतं.

मैत्री औषध नव्हे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, मरायच्या गोष्टी करत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्जही भरून घ्या, एक पालक गेला असला तरी चालतो. महिना २,२५० रुपये मिळतात.

मे महिन्यात मुलगी वडिलांकडे जाणार असेल तर लहानग्याला आधी सांगा, कॅलेंडरवर परतायच्या तारखेला गोल करून दाखवा. 'ती गेली' एवढंच त्याच्या कानावर पडू देऊ नका.